रुस्ताकची खडीची वाट

रुस्ताक म्हटलं, की आपल्या मंडळींना आठवतो तो ऐन अल कसफाचा गरम पाण्याचा झरा, खजुरीच्या सावलीत उघडलेले डबे आणि परतीच्या वाटेवरचा नखलचा किल्ला. मस्कतहून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, रस्ता गुळगुळीत. सकाळी निघावं, संध्याकाळी घरी. अलीकडे मात्र थंडीच्या दिवसांत त्याच वाटेवर गाडीमागे सायकली बांधून निघालेली माणसं दिसतात. या सायकली शर्यतीच्या सायकलींपेक्षा जरा जाड टायरच्या असतात आणि त्यांचा रोख डांबरी रस्त्याकडे नसतो. त्यांना हवा असतो वाडीतला खडीचा, धुळीचा, चढाचा रस्ता. (‘वाडी’ म्हणजे आपली सावंतवाडीतली नव्हे, तर अरबीतली. डोंगरातून आलेलं, बहुतेक वेळ कोरडं असलेलं नदीचं पात्र.)

या छंदाला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. युरोपात त्याचं माहेर म्हणावं असं ठिकाण म्हणजे इटलीतला तोस्काना प्रांत. तिथल्या द्राक्षमळ्यांतून आणि टेकड्यांवरच्या जुन्या गावांतून जाणारे पांढऱ्या मातीचे रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थांनी १९९७ साली जुन्या सायकलींची एक फेरी काढली. नाव ‘लेरोइका’. पहिल्या वर्षी स्वार होते ९२. पुढे जगभरातून हजारो लोक येऊ लागले आणि कच्चा रस्ता हासुद्धा वारसा असू शकतो, हे लोकांना पटलं. रुस्ताकच्या खडीच्या वाटांकडे याच नजरेनं पाहिलं तर काय दिसतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

वाट पाण्यामागे जाते

ताशी शंभरच्या वेगानं जाताना किल्ला दिसतो, पण तो तिथेच का बांधला ते कळत नाही. ताशी आठ-दहाच्या वेगात ते आपोआप कळतं. नखलहून रुस्ताककडे जाताना अल अवाबी लागतं. तिथला किल्ला नेमका वाडी बनी खरूसच्या तोंडाशी उभा आहे. डोंगरातून येणारं पाणी आणि डोंगरात जाणारा माणूस, दोघांनाही त्याच्यासमोरूनच जावं लागतं. आपल्या नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा दगडी रांजण का ठेवला, त्याचं उत्तर आणि अवाबीच्या किल्ल्याचं उत्तर एकच.

अवाबीच्या पुढे वाडी बनी औफ लागते. या भागातली सर्वांत गाजलेली कच्ची वाट हीच. अरुंद घळीतून ती अझ्-झम्मावरून वर चढते. बाजूला बिलाद सैत हे गाव, त्यापुढे हात, आणि शेवटी जवळजवळ दोन हजार मीटरवरची शराफत अल आलमैनची खिंड. खिंडीपलीकडे अल हमरा आणि निझवा. गाडीला चारही चाकांची ताकद लावावी लागणारी ही वाट म्हणून तिची ख्याती. इथे सायकलवाले निम्मा वेळ सायकल ढकलतच असतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मोटारी येण्याआधी हा डोंगर ओलांडण्याच्या वाटा गाढवांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या होत्या. किनाऱ्यावरून सुकी मासळी आणि तांदूळ वर जायचा, डोंगरातून खजूर खाली यायचा. अठराव्या शतकात मस्कतच्या बाजारात मंगळूरकडचा तांदूळ उतरत असे. म्हणजे या डोंगरातल्या हंड्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्याचं धान्य त्या काळीही शिजत असणार.

गावं वसली ती मात्र फलजच्या आधारानं. फलज म्हणजे झऱ्याचं किंवा भूगर्भातलं पाणी केवळ उताराच्या जोरावर, कधी जमिनीखालून, कधी उघड्यावरून शेतापर्यंत आणणारा कालवा. ओमानमधल्या ज्या पाच फलजांना युनेस्कोनं २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतला अल मुयस्सर हा रुस्ताकचा. औरंगाबादची (आजच्या छत्रपती संभाजीनगरची) नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तंत्र ओळखीचं वाटेल. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याच तत्त्वावर जमिनीखालून शहराला पाणी आणलं. वाटणीची रीत पाहिली तर आपल्या धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवते. पाणी सगळ्या गावाचं आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. ओमानच्या गावांत ही पाळी दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावर मोजत असत.

इमामांचं गाव

रुस्ताकचा किल्ला, कलअत अल कसरा, मुळात इस्लामपूर्व इराणी काळातला मानतात. कसरा हे नाव इराणी सम्राटांच्या ‘किस्रा’ या पदवीशी जोडतात. आज आपण पाहतो ती बांधणी मुख्यत्वे सतराव्या-अठराव्या शतकातली. त्याला चार बुरूज आहेत आणि त्यांतल्या एकाचं नाव वाऱ्याचा बुरूज, तर दुसऱ्याचं चक्क सैतानांचा बुरूज! खजुराची कोठारं, तोफा, दारावरून शत्रूच्या डोक्यावर उकळता खजुराचा पाक ओतायची भोकं. आपल्या राजगड-प्रतापगडावर वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

इ. स. १६२४ मध्ये याच रुस्ताकमध्ये नासिर बिन मुर्शिद अल यारुबी याची इमाम म्हणून निवड झाली. तेव्हा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि आतल्या टोळ्या आपसांत लढत होत्या. नासिरनं आधी डोंगरातली माणसं एक केली आणि मग किनाऱ्याकडे वळला. १६४३ मध्ये सोहार घेतलं. १६४९ मध्ये तो वारला आणि १६५० च्या जानेवारीत त्याचा वारस सुलतान बिन सैफ यानं मस्कत जिंकून पोर्तुगीजांना ओमानमधून कायमचं घालवलं.

आणि इथे आपला किनारा या गोष्टीत येतो. पोर्तुगीजांची पकडलेली जहाजं वापरून यारुबींनी जे आरमार उभं केलं, ते अरबी समुद्र ओलांडू लागलं. १६६८ मध्ये त्यांनी दीव लुटलं. १६७४ मध्ये मस्कतचे सहाशे अरब वसईला उतरले आणि तटामागची पोर्तुगीज शिबंदी भयानं आतच बसून राहिली. शिवाजी महाराजांचा रायगडावर राज्याभिषेक झाला, तेच हे वर्ष. अर्थात वसईच्या आसपासच्या रयतेला अरबांची ती स्वारी म्हणजे मुक्ती नव्हती, लूटच होती, हेही सांगितलं पाहिजे. पुढे सैफ बिन सुलतानच्या काळात, १६९६ पासून जवळपास तेहेतीस महिने वेढा घालून, ओमानींनी आफ्रिकेतला मोंबासाचा फोर्ट जीझस १६९८ मध्ये घेतला. आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. यात ओमानी आणि मराठ्यांनी हातात हात घातला होता असं नाही, पण एकाच सत्तेचे पाय दोन किनाऱ्यांवर दोघांनी उखडले. दोघांचंही बळ आधी डोंगरात घडलं आणि मग समुद्रावर उतरलं.

सैफ बिन सुलतानला लोक ‘कैद अल अर्द’ म्हणत, म्हणजे भूमीला बांधून ठेवणारा. ओमानी बखरी त्याच्या जहाजांइतकंच अभिमानानं त्यानं दुरुस्त केलेल्या किंवा काढलेल्या सतरा फलजांबद्दल आणि लावलेल्या हजारो खजुरांबद्दल सांगतात. १७११ मध्ये तो वारला. त्याची कबर रुस्ताकच्या किल्ल्यातच आहे. त्याच्या मुलानं जवळच बांधलेल्या अल हझमच्या किल्ल्याच्या पोटातून फलज वाहतो. वेढा पडला तरी पाणी आत! पुढे आजच्या राजघराण्याचा मूळ पुरुष अहमद बिन सईद यानंही रुस्ताकलाच राजधानी ठेवलं. तोही १७८३ मध्ये इथेच वारला. त्याच्या नातवाच्या काळात सत्ता मस्कतला गेली आणि रुस्ताक मागे पडलं.

डांबर की खडी?

गेल्या शतकातही ही वाट इतिहासात आली. १९५५ च्या डिसेंबरात सुलतानाच्या फौजेनं इमामाच्या भावाकडून, तालिब बिन अलीकडून, रुस्ताक घेतलं. डोंगरातला लढा १९५९ च्या जानेवारीपर्यंत चालला. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा साऱ्या देशात डांबरी रस्ता होता दहा किलोमीटरच्या आसपास. आज ते खरंही वाटत नाही. २०१० पासून ‘टूर ऑफ ओमान’ ही सायकल शर्यत होते आणि २०२२ मध्ये तिची सुरुवातच रुस्ताकच्या किल्ल्यासमोरून झाली.

मग खडीची वाट राखावी का? तोस्कानात हा प्रश्न सोपा होता, इथे नाही. बिलाद सैतमधल्या आजारी म्हाताऱ्याला किंवा बाळंतिणीला खाली आणायचं, तर डांबर हवंच. सायकलवाल्यांच्या हौसेखातर गावानं धूळ खावी, असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही. पण चांगला रस्ता जसा गावात येतो, तसा गावातून बाहेरही जातो. तरुण शहरात नोकरीला गेले की फलजमधला गाळ कोण काढणार, पाण्याच्या पाळ्या कोण लक्षात ठेवणार? आपल्या कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गावांचं काय झालं, हे आपल्याला माहीतच आहे. आपणही त्याच रस्त्यानं निघून इथवर आलो.

म्हणून राखायची आहे ती निव्वळ खडी नव्हे. हळू जाण्याची सवय राखायची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पाणी भरपूर घ्यावं. डोंगरावर ढग दिसले तर वाडीत पाऊल टाकू नये, कारण पाऊस दूर पडतो आणि लोंढा इथे येतो. गावात शिरताना कपड्यांचं भान ठेवावं, सलाम करावा, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. चढ झेपत नसेल तर रुस्ताक ते अल हझम एवढी सपाटीवरची फेरीही पुरे आहे. मुलांना बरोबर न्यावं आणि सैफ बिन सुलतानच्या कबरीपाशी वसईची गोष्ट सांगावी. ज्या देशात ती वाढताहेत आणि ज्या देशातून आपण आलो, त्या दोघांचा इतिहास कुठे भेटतो, हे त्यांना तिथे उभं राहून कळेल.