सुकाणू-यंत्रणा उतरवणे (आउटबोर्ड नौका)

आउटबोर्ड इंजिनाच्या लहान नौकेवरील चाक, त्यामागची दातेरी पेटी (हेल्म), केबल आणि केबलला इंजिनाशी जोडणारा दांडा सुटा करण्याचे काम. जहाजांवर चाक 18व्या शतकाच्या सुरुवातीस आले; त्याआधी सुकाणूची दांडी उभ्या तरफेने ढकलत. कोकणात अनेक छोट्या फायबर होड्यांचे ‘ओबीएम’ (आउटबोर्ड इंजिन) हातदांडीनेच वळवतात. त्यांना ही नोंद लागू नाही.

चाक जड झाले की बहुतेक जण आधी चाकच काढतात. हा क्रम चुकीचा आहे, कारण दोष शोधण्याचे साधन चाकच असते. केबलचे पोलादी टोक इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून (इंजिन जिच्यावर वर उचलले जाते ती नळी) सरकते. तिथले ग्रीस सुकते, खारे पाणी शिरते आणि गंज फुगून टोक आवळून धरतो. म्हणून सुरुवात मागून करावी. आधी जोडदांडा सोडावा. इंजिन हाताने तरीही जड वळत असेल, तर दोष इंजिन ज्या खिळीवर वळते तिच्यातच आहे आणि केबल बदलून काही साधणार नाही. इंजिन मोकळे वळत असेल, तर केबलचे टोक ट्यूबबाहेर काढून चाक फिरवावे. आता चाक हलके झाले तर ट्यूब दोषी. जडच राहिले तर केबल किंवा हेल्म. या दोन चाचण्यांना काही मिनिटे लागतात. चाक आधी उतरवले, तर त्या हातच्या जातात आणि पुढचे सगळे अंदाजावर चालते.

यावर आक्षेप असा की चाकामुळे हेल्मच्या नटांपर्यंत पाना पोचत नाही. ते खरे आहे, पण ती अडचण चाचणीनंतरची आहे. चाक बहुधा 3/4 इंची निमुळत्या शाफ्टवर चावीसह बसवलेले असते. नट सैल करावा, पण काही आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे चाक अचानक सुटून अंगावर येत नाही. मग पुलर लावावा. शाफ्टवर हातोडा मारू नये. तो आघात थेट हेल्मच्या दात्यांवर जातो. दुसरा आक्षेप खर्चाचा : ग्रीस भरून जुनी केबल का वापरू नये? ग्रीस ट्यूबपुरतेच पोचते. आवरणात शिरलेले पाणी आतली तार गंजवतच राहते. त्यामुळे अडकलेली केबल कापून टोक ठोकून काढणे आणि नवी घालणे हाच उपाय. जुन्या आवरणावरील क्रमांकाचे शेवटचे अंक बहुधा फुटांतील लांबी सांगतात. ते कापण्याआधी टिपून ठेवावेत. अडकलेले टोक तापवायचे झाल्यास इंधनाच्या नळ्या आणि टाकी आधी दूर कराव्यात. जोडणी करताना जोडदांड्याला नवे स्वयंबंधक नटच लावावेत. हा नट वेगात सुटला, तर नौका एका बाजूला झपकन वळते आणि माणसे पाण्यात फेकली जातात. नटाची किंमत त्या धोक्यापुढे नगण्य आहे.

मानके : केबल-यंत्रणेसाठी आयएसओ 8848, हायड्रॉलिक यंत्रणेसाठी आयएसओ 10592.

हायड्रॉलिक यंत्रणा : तेल आधी भांड्यात उतरवून नळ्यांची तोंडे लगेच बंद करावीत.

आतल्या इंजिनाच्या नौका : सुकाणूचा खांब तळातून आरपार जातो, नौका पाण्याबाहेर ओढल्याशिवाय तो काढू नये.