सभेतील जागा : जालना परिसरातील ख्रिस्ती मंडळ्या आणि प्रापंचिकांच्या संघटना

जालना जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा मिशनऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो, आणि तसा तो सांगणे सोयीचेही असते, कारण पत्रे, अहवाल आणि दफ्तरे त्यांनीच लिहून ठेवली. परंतु ज्या प्रदेशात एका धर्मगुरूच्या वाट्याला पन्नास-पन्नास वस्त्या येत, रस्ते कच्चे असत आणि पावसाळ्यात नाले ओलांडणे अशक्य होई, तेथे दोन भेटींच्या मधल्या काळात धर्मजीवन कोण चालवीत होते, हा प्रश्न विचारला की इतिहासाचे केंद्र आपोआप बदलते. ज्यांना कॅथलिक परिभाषेत ‘प्रापंचिक’ म्हणतात, म्हणजे ज्यांनी धर्मगुरुपदाची वा संन्यासाची दीक्षा घेतलेली नाही असे संसारी स्त्री-पुरुष, तेच या प्रदेशातील ख्रिस्तसभेचा खरा आधार होते. त्यांच्या संघटनांचा इतिहास हा केवळ धर्मसंस्थेचा इतिहास नाही. गावाच्या चावडीत ज्यांना बसायला जागा नव्हती त्यांनी स्वतःची सभा कशी उभारली, याचाही तो इतिहास आहे.

जालन्यात युरोपीय ख्रिस्ती धर्म प्रथम आला तो छावणीच्या रूपाने. असई हे इंग्रज-मराठ्यांच्या १८०३ च्या लढाईचे गाव आजच्या जालना जिल्ह्यातच आहे, आणि १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांविरुद्ध निघालेली ब्रिटिश सेनानी डव्हटन यांची फौज जालन्याहूनच कूच करून गेली होती. हैदराबाद संस्थानातील या लष्करी ठाण्याभोवती जी वस्ती वाढली तिच्यात ख्रिस्ती शिपाई आणि त्यांची कुटुंबेही होती. आजच्या फ्रान्समधील ॲनेसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले, आणि त्यांच्यावर सोपविलेल्या अफाट प्रदेशात कामठी, औरंगाबाद आणि जालना ही लष्करी ठाणी येत असत. परंतु छावणीतील मंडळी पलटणीबरोबर येत आणि पलटणीबरोबरच जात. प्रार्थनेची व्यवस्था लष्करी शिस्तीचाच एक भाग असल्याने तिला स्थानिक मुळे फुटणे कठीण होते. ख्रिस्ती समाज या मातीत रुजला तो छावणीच्या बाहेर, शेतजमिनीवर.

या रुजण्याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅथलिक नसून प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, आहे, आणि कॅथलिक धर्मग्रामांची, म्हणजे एकेका चर्चच्या क्षेत्राची, घडण समजून घेण्यासाठीही ते आधी पाहणे आवश्यक आहे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत १८४३ च्या सप्टेंबरमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्या त्यांच्या अल्पवयीन भावाचे, श्रीपतचे, प्रकरण गाजले : न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. धर्मांतर म्हणजे केवळ श्रद्धेचा बदल नव्हे, तर पंगत, सोयरीक आणि ज्ञातीची सभा यांतून एकाच दिवशी बाहेर पडणे होय, हे त्या प्रकरणाने साऱ्या मुंबईला दाखवून दिले. जो ज्ञातीबाहेर पडतो त्याला दुसरी सभा हवी असते, आणि ती सभा बांधण्याचे काम शेषाद्रींनी पुढे जालन्यात केले.

त्यांनी १८६० नंतरच्या दशकात जालन्याला मिशनकेंद्र केले आणि हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर शहराजवळ ‘बेथेल’ नावाचे गाव वसविले. बेथेल हा बायबलमधील शब्द असून त्याचा अर्थ ‘देवाचे घर’ असा होतो. दगडाची उशी करून उघड्यावर झोपलेल्या याकोबाला जेथे स्वप्नात स्वर्गाची शिडी दिसली त्या जागेचे हे नाव, आणि ज्यांच्या मालकीची घरे वा जमिनी नव्हत्या अशा लोकांच्या गावासाठी ते विचारपूर्वक निवडलेले दिसते. येथे आलेली बहुसंख्य कुटुंबे मातंग (त्या काळच्या नोंदींत ‘मांग’) आणि महार समाजांतील होती. गावगाड्यात त्यांची कामे ठरलेली होती, बलुते ठरलेले होते, आणि पाटलासमोर जोहार घालून किती अंतरावर उभे राहायचे तेही ठरलेले होते. बेथेलमध्ये चर्च आणि शाळा उभी राहिली, शेती आणि कारागिरीची कामे शिकविली जाऊ लागली. परंतु त्याहून दूरगामी बदल घडविला तो मंडळीच्या व्यवस्थेने.

‘मंडळी’ हा मराठी प्रोटेस्टंटांचा शब्द एका चर्चच्या उपासक-समुदायासाठी वापरला जातो, आणि प्रेस्बिटेरियन पद्धतीत या मंडळीचा कारभार एकटा पाळक पाहत नाही. मंडळीने आपल्यातून निवडलेले ‘वडील’ पाळकाबरोबर बसून सभा चालवितात, त्या सभेचे इतिवृत्त ठेवले जाते, घरोघरच्या भेटी, भांडणतंटे, दारूबाजी, विवाहातील तक्रारी यांचा विचार तेथे होतो, आणि प्रभुभोजनाच्या विधीला कोणी बसावे हेही तीच सभा ठरविते. शेषाद्री ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे होते तिचा जन्मही १८४३ चाच, आणि तो ज्या वादातून झाला तो येथे लक्षात घेण्याजोगा आहे : मंडळीवर पाळक नेमण्याचा हक्क गावच्या जमीनदाराचा की मंडळीचा, या प्रश्नावर स्कॉटलंडमधील शेकडो धर्मोपदेशकांनी आपल्या नेमणुका आणि राहती घरे सोडून वेगळे चर्च उभारले होते. जमीनदारापुढे सामान्य माणसाच्या मताला वजन असावे हा त्या दूरच्या भांडणाचा गाभा जालन्याच्या माळरानावर आला तेव्हा त्याला वेगळाच अर्थ प्राप्त झाला. गावच्या चावडीत ज्याची साक्षसुद्धा दुरून घेतली जाई, तो माणूस बेथेलमध्ये वडील म्हणून निवडला जाऊ शकत होता आणि इतरांच्या तंट्यात बसून मत देऊ शकत होता. शेषाद्री १८९१ मध्ये निवर्तले. पुढे ही परंपरा १९२४ मध्ये संयुक्त उत्तर भारतीय चर्चमध्ये आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाली.

कॅथलिक मिशनचा मार्ग निराळा होता. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांताची (बिशपच्या अधिकारक्षेत्राला धर्मप्रांत आणि त्यातील एका चर्चच्या क्षेत्राला धर्मग्राम म्हणतात) स्थापना झाली तेव्हा मराठवाड्याचा हा भाग त्याच्या पश्चिम टोकाला होता. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात जर्मन जेझुईट ओट्टो वाइसहाउप्ट यांनी १८७८ मध्ये केंदळ येथे काम सुरू केले होते, आणि गोदावरीच्या अलीकडे घोगरगाव येथे १८९२ च्या सुमारास फ्रान्सिस द सेल्स संघाच्या धर्मगुरूंनी केंद्र उघडले. त्या वैजापूर-गंगापूर भागात पुढे फ्रेंच धर्मगुरू गुरियन जाकियर यांनी आयुष्य वेचले. ‘जाकियर बाबा’ या नावाने ते ओळखले जातात आणि बोरसर येथे त्यांची समाधी आहे. जालन्याकडील कॅथलिक कुटुंबे याच मुलखाशी नात्यागोत्याने आणि सोयरिकीने बांधलेली असल्याने त्यांच्या संघटनेचे मूळही तेथेच शोधावे लागते.

त्या मुळाशी उभा आहे तो ‘मास्तर’. धर्मशिक्षण देणाऱ्या प्रापंचिकाला कॅथलिक परिभाषेत कॅटेकिस्ट म्हणत असले तरी खेड्यांतून तो सर्वांचा मास्तरच होता, कारण सकाळी तो मुलांना बाराखडी व पाढे शिकवी आणि संध्याकाळी मोठ्यांना प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांच्या रूपात रचलेली धर्मतत्त्वे, पाठ करून घेई. फादर महिना-दोन महिन्यांनी बैलगाडीने वा घोड्यावरून येत आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करून पुढच्या वस्तीकडे निघून जात. मधल्या रविवारी प्रार्थना चालविणे, बाप्तिस्म्यासाठी उमेदवारांची तयारी करणे, मरणाच्या दारातील बाळाला स्वतः बाप्तिस्मा देणे (कॅथलिक नियमानुसार तातडीच्या प्रसंगी हा अधिकार कोणालाही असतो), विवाहाची बोलणी फादरांच्या कानावर घालणे आणि मयतीला कबरीपाशी प्रार्थना म्हणणे ही सारी कामे त्याची होती. याशिवाय तहसिलीचा कागद वाचून दाखविणे, सावकाराचा हिशेब पडताळणे आणि फौजदाराकडे अर्ज लिहून देणे हीही. वस्तीत लिहिता-वाचता येणारा तोच एक असल्याने धर्म आणि दफ्तर यांच्यामधला पूल तोच झाला. त्याची पत्नीही बहुतेक ठिकाणी विनावेतन शिक्षिका होती. मुली आणि सासुरवाशिणी तिच्याकडे बसत, आणि माळेची प्रार्थना, म्हणजे मणी ओढीत म्हणावयाची मरियेची प्रार्थना, घराघरांत नेण्याचे श्रेय तिलाच द्यावे लागते. मिशनच्या इतिहासात या दांपत्यांची नावे क्वचितच येतात, आणि ही उणीव साधी नव्हे : ज्यांच्याविना धर्मग्राम टिकलाच नसता त्यांना इतिहासाने तळटीपेतही जागा दिलेली नाही.

मास्तराभोवती ज्या पहिल्या संघटना वाढल्या त्यांचे साचे युरोपातून आले असले तरी त्यांत भरलेला आशय गावचाच होता. वस्तीचे पंच चर्चचेही पंच झाले, भजनी मंडळाने टाळ-मृदंग आणि पेटी घेऊन ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या अंगाने गायिले, आणि वर्गणीची जुनी पद्धत सणांच्या खर्चासाठी उपयोगात आली. जातपंचायतीचे काही दोषही त्याबरोबर आले. पंचांच्या बैठकीत बायकांना बोलू दिले जात नसे, आणि एका जातीचे ख्रिस्ती दुसऱ्या जातीच्या ख्रिस्त्यांकडे मुलगी देत नसत. नवी सभा उभी राहिली, पण जुन्या सभेच्या सवयी तिच्या दाराबाहेर राहिल्या नाहीत, हे मान्य केल्यावाचून हा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

१९५५ मध्ये नागपूरमधून अमरावती आणि १९७७ मध्ये अमरावतीमधून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. १९८१ मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा बनला. या मधल्या काळातच दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) झाली, आणि तिने मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत आणण्याबरोबरच प्रापंचिकांच्या कार्याविषयी १९६५ मध्ये स्वतंत्र आदेश काढला. लोकांच्या हाती जे प्रत्यक्षात आधीपासून होते त्याला आता नियमाचे रूप मिळाले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक झाले, तर धर्मग्राम-परिषद बिशपांच्या इच्छेवर सोडण्यात आली आणि तिचे मत सल्ल्यापुरतेच ठेवण्यात आले. प्रेस्बिटेरियन वडिलांना निर्णयाचा अधिकार आणि कॅथलिक परिषदेला सल्ल्याचा, हा फरक लहान नाही. तरीही दानपेटीचा हिशेब वस्तीतील माणसाने तपासावा ही गोष्ट मराठवाड्याच्या खेड्यात स्वतःच एक शिक्षण होती.

याच काळात आंतरराष्ट्रीय भक्तिसंघांचे महत्त्व वाढले. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केलेली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी गरिबांच्या घरी स्वतः जाऊन मदत करण्याचा नियम पाळते. १९२१ मध्ये डब्लिन येथे फ्रँक डफ यांनी स्थापिलेल्या लिजन ऑफ मेरीमध्ये दर आठवड्याला बैठक होते आणि प्रत्येक सदस्याने गेल्या आठवड्यात काय काम केले ते सांगायचे असते. या दुसऱ्या नियमाचे मोल ग्रामीण समाजात विशेष आहे, कारण ज्या स्त्रीला पंचांपुढे तोंड उघडता येत नव्हते तिलाही येथे कामाचा अहवाल द्यावा लागतो. अशा संघांत देणगी कोणी किती दिली हे कळू न देता गुप्त पिशवी फिरविली जाते, त्यामुळे गरीब कुटुंबाचा एक रुपयाही मानाने जमा होतो.

संघटनेचे दुसरे शिक्षण कायद्याने दिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, परंतु ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. एकाच वाड्यातील दोन भावांपैकी एकाच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याच्या मुलाला नकार, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. हा आदेश निघाला तो १० ऑगस्ट हा दिवस देशभरचे ख्रिस्ती दलित काळा दिवस म्हणून पाळतात, आणि निवेदने लिहिणे, सह्या गोळा करणे, जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत शिष्टमंडळ नेणे ही कामे आता मास्तराच्या नातवंडांच्या पिढीकडे आली आहेत.

चर्चबाहेर पोहोचलेल्या एका धाग्याचाही येथे उल्लेख करणे योग्य होईल. स्वित्झर्लंडमधून आलेले जेझुईट हरमन बाखर यांच्या पुढाकाराने १९८९ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबविला गेला, आणि जालना तालुक्यातील कडवंची हे गाव त्यातून नावारूपाला आले. कडवंची हे ख्रिस्ती गाव नव्हे, आणि तेथील काम मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि ग्रामस्थ यांनी केले. परंतु गावाने स्वतः निवडलेली पाणलोट समिती, श्रमदानाची अट, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांत लोकांनी सभा घेऊन स्वतःवर नियम घालून घेण्याचे जे तत्त्व होते ते या इतिहासाला अपरिचित नाही. तेथील शेततळी आणि द्राक्षबागा त्या समितीच्या कामाची साक्ष देतात.

वार्षिक चक्रात या समाजाचे एकत्र येणे सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसते ते सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावी भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेत, जेथे मरियेला ‘मतमाउली’ म्हटले जाते आणि मराठवाड्यासह अनेक जिल्ह्यांतून लोक पायी, ट्रकने व एस.टी.ने येतात. ऑक्टोबर हा माळेच्या प्रार्थनेचा महिना असतो. त्या महिन्यात मरियेची मूर्ती वस्तीतील एका घरून दुसऱ्या घरी नेली जाते, कोणत्या दिवशी कोणाच्या घरी ती राहणार हे कुटुंबांनीच आपसात ठरविलेले असते, आणि ज्याच्या दारात ती येते त्याने शेणाने अंगण सारवून, कंदील वा दिवा लावून, शेजाऱ्यांना चहा द्यायचा असतो. प्रार्थना सांगायला बहुतेक घरांतून एखादी बाईच पुढे बसते.