संवर्धन अनुदान आणि जमीनधारणा : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात

शेतजमीन व पाणी यांच्या संवर्धनासाठी शासन देत असलेले अनुदान नेमके कोणास मिळते, हा आर्थिक इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. मुंबई प्रांताच्या १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने खाजगी शेतांत बांधबंदिस्तीस चालना दिली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी अनेक कुळांना मालकी हक्क प्राप्त झाला. कसणारा तोच मालक, हे तत्त्व त्यामागे होते.

याच गृहीतकावर आजचे अनुदान उभे आहे. शिरोळ तालुक्यात अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या; त्यामुळे ऊसशेतीत ठिबक सिंचनाची निकड स्पष्ट आहे. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांस ५५, तर इतरांस ४५ टक्के अनुदान ठरविले. त्यासाठी सातबारा उताऱ्यावरील नोंद आधारभूत असते. परिणामी तोंडी कराराने, खंडाने वा वाट्याने जमीन कसणारा आणि उताऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री यांचे श्रम शेतात राहतात. अनुदान मात्र खातेदाराकडे जाते. १९५७ मध्ये मिटविलेले अंतर अशा प्रकारे नव्या रूपात परतले आहे. म्हणून संवर्धनाचे धोरण आखताना मालकीइतकीच वहिवाटही विचारात घेतली पाहिजे.