चार पट्ट्यांचा तारा

१.
सणावाराचे दिवस जवळ आले की घरातली कात्री हमखास जागेवर सापडेनाशी होते. कुणी आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापत असते, कुणी रंगीत पट्ट्या विणून भेटकार्ड सजवत असते, कुणी घडीकामाचा तारा दारावर टांगत असते. हे सारे कुठे शिकलात, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येते : बालवर्गात. पण बालवर्गात हे घडीकाम, कातरकाम, चिकटकाम आले कुठून? आजचा धागा या प्रश्नाचा.

२.
जर्मनीत नाताळाच्या झाडावर एक कागदी तारा टांगतात. सारख्या लांबीच्या चार पट्ट्या घ्यायच्या, मधोमध दुमडायच्या आणि एकमेकींत ओवून त्यांचा चौकोन विणायचा. उरलेली टोके दुमडली की आठ चपटी टोके तयार होतात. मग पट्ट्या पिळून पुन्हा विणीत ओवल्या की पुढे चार आणि मागे चार अशी आणखी आठ टोके उभी राहतात. एकूण सोळा. खळ नाही, टाचणी नाही, सुई नाही. या ताऱ्याला ‘फ्रोबेल तारा’ म्हणतात. तो फ्रोबेलने शोधला म्हणून नव्हे, तर त्याच्या सन्मानार्थ हे नाव रूढ झाले. हा फ्रोबेल कोण?

३.
फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. मूल वर्षाचे होण्याआधीच आई गेली. तरुणपणी तो वनपालाच्या हाताखाली उमेदवारी करीत राहिला. पुढे १८०८ ते १८१० या काळात स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉत्झी या थोर शिक्षणतज्ज्ञाच्या सहवासात होता. त्यानंतर बर्लिन येथे स्फटिकशास्त्रज्ञ ख्रिस्टियान झामुएल वाइस यांच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात त्याने काम केले. शिक्षक होण्याच्या वाटेवर हा मुक्काम आडवळणाचा वाटेल, पण आपल्या घरातील कागदी ताऱ्याची पाळेमुळे नेमकी तिथेच आहेत.

४.
स्फटिकाला बाहेरून कुणी आकार देत नाही. तो आपल्या अंगच्या नियमाने वाढतो. मूलही तसेच वाढते, अशी फ्रोबेलची श्रद्धा होती. लहान मुलाला सांभाळणे म्हणजे त्याला गप्प बसवणे, असे सर्वत्र मानले जात असताना त्याने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्क येथे लहानग्यांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिले ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान. तेथे मूल हे रोपटे होते आणि शिक्षक माळी.

५.
या बालोद्यानातील साहित्याला फ्रोबेलने जो शब्द वापरला, त्याचा अर्थ होतो ‘भेटी’. पहिली भेट : लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी : लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसरी : आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. ही मांडणी घनाकृतीकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे आणि रेषेकडून बिंदूकडे जाते. स्फटिकांच्या कपाटासमोर वर्षे काढलेल्या माणसाची ही शिस्त होती.

६.
भेटींच्या जोडीला होते हस्तव्यवसाय. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, कातरणे, सुईने टोचून नक्षी उठवणे, पुठ्ठ्यावर दोऱ्याने शिवणे, मातीला आकार देणे. त्यांत एक मजेदार प्रकार होता : भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या. वाटाणा म्हणजे बिंदू, काडी म्हणजे रेषा. बिंदू आणि रेषा जोडत मूल पुन्हा घनाकृतीपर्यंत पोहोचते आणि वर्तुळ पूर्ण होते. आज बालवर्गात चालणारी बहुतेक हस्तकला या यादीत दिसते.

७.
परंतु या पद्धतीचा गाभा वस्तूंत नव्हता, एका नियमात होता. आठ ठोकळे घेतले की आठही वापरायचे; एकही बाजूला टाकायचा नाही. आणि पहिली रचना पाडून दुसरी करायची नाही. एकेक ठोकळा सरकवत पहिलीतूनच दुसरी घडवायची. खुर्ची, जिना झाले तर ती जीवनरूपे. आठाचे दोन चार, चाराचे दोन दोन झाले तर ती ज्ञानरूपे. सममित नक्षी झाली तर ती सौंदर्यरूपे. आपण घर सजवायला जे करतो ते या तिसऱ्या वर्गातले. फ्रोबेलने मात्र या तिन्ही रूपांना एकाच खेळात बांधले होते.

८.
ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. कारण काय, तर ती नास्तिक आणि समाजवादी विचार पसरवतात! फ्रोबेलचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या लिखाणामुळे सरकारचा रोष ओढवला आणि तो काकाच्या माथी आला. क्रांतीच्या धामधुमीनंतरचे ते दिवस होते. खुलासे ऐकून घेण्याची कुणाची तयारी नव्हती. लोकरीचे चेंडू आणि कागदाच्या पट्ट्या राज्याला धोकादायक ठरल्या. जून १८५२ मध्ये फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. त्याच्या समाधीवर कोरीव मजकुराहून जास्त बोलतो तो तिचा आकार : घन, दंडगोल आणि त्यावर गोल.

९.
बंदीने एक विपरीत घडले. जे काम एका प्रांतात दडपले गेले, ते स्त्रियांनी जगभर नेले. फ्रोबेलने अखेरच्या वर्षांत तरुणींना शिक्षिका म्हणून तयार केले होते. बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो यांनी युरोपच्या राजधान्यांत या पद्धतीचा प्रसार केला. मार्गारेटे शुर्ट्स यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये, वॉटरटाउन येथे, जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठी बालोद्यान उघडले. घरकामापलीकडे सन्मानाचा व्यवसाय नसलेल्या असंख्य स्त्रियांना या कागदकामाने शिक्षिका केले, ही गोष्ट विसरता कामा नये.

१०.
अमेरिकेत एलिझाबेथ पीबडी यांच्या प्रभावाने मिल्टन ब्रॅडली या खेळणी-उत्पादकाने १८६९ पासून फ्रोबेलच्या ‘भेटी’ कारखान्यात बनवायला घेतल्या. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील महाप्रदर्शनात हे साहित्य एका मातेच्या नजरेस पडले आणि तिने ते आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी आणले. त्या मुलाचे नाव फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायम राहिला, असे या थोर वास्तुविशारदाने पुढे स्वतः सांगितले.

११.
इथवरची कथा यशाची. पण पेटीबरोबर सूचनापुस्तिकाही आली आणि तिने घोटाळा केला. ठोकळे कोणत्या क्रमाने सरकवायचे, पट्टी कोणत्या घरातून ओवायची, हे सारे छापील झाले. मूल शोधत नव्हते, आज्ञा पाळत होते. बारीक छिद्रांतून दोरा ओवताना कोवळ्या डोळ्यांवर आणि बोटांवर ताण येतो, अशी टीका मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी केली. पॅटी स्मिथ हिल यांनी तर जमिनीवर मांडायचे मोठाले ठोकळे आणून मुलांना मोकळे केले. फ्रोबेलचा नियम राहिला बाजूला; उरला तो नमुना.

१२.
पूर्वेकडे मात्र निराळे घडले. जपानमध्ये १८७६ साली तोक्योच्या स्त्री-शिक्षिका विद्यालयाला जोडून बालोद्यान निघाले. कागदाच्या घड्यांची त्यांची परंपरा आधीपासूनच समृद्ध होती. जर्मन घड्या आणि जपानी घड्या एकाच वर्गात, एकाच टेबलावर भेटल्या. आज आपण ‘ओरिगामी’ म्हणून जे शिकतो, त्याच्या शालेय रूपात या दोन्ही धारा मिसळलेल्या आहेत.

१३.
आता आपल्याकडे वळू. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे त्यांनी बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. केशवपन आणि अंधारी खोली ज्यांच्या नशिबी होती, अशा बालविधवांसाठी ही शाळा. पराधीन हातांना काम शिकवणे म्हणजे त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करणे, हे रमाबाईंनी ओळखले होते. जर्मनीत शिक्षिका घडवणारी पद्धत त्यांना इथल्या स्त्रियांसाठी जवळची वाटली, यात नवल नाही.

१४.
१८९३ मध्ये मद्रासला टी. सुंदर राव यांचे एक इंग्रजी पुस्तक निघाले. विषय, कागदाच्या घड्यांतून भूमिती. बालोद्यानाच्या आठव्या ‘भेटी’तून, म्हणजे रंगीत चौकोनी कागदांच्या संचातून, आपल्याला ही कल्पना सुचली असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. लहान मुलांचा खेळ त्यांनी समभुज त्रिकोण, पंचकोन यांपासून वक्ररेषांपर्यंत नेला. जर्मनीचे नामांकित गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. सौंदर्यरूप आणि ज्ञानरूप यांची ताटातूट झालेली असताना मद्रासच्या या गृहस्थाने त्यांची पुन्हा गाठ घालून दिली.

१५.
विसाव्या शतकात बालशिक्षणाचे केंद्र मारिया माँटेसरी यांच्याकडे सरकले. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी माँटेसरींचे विचार भारतीय मातीत रुजवले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक म्हणजे मराठी बालशिक्षणाची माउली. वाट फ्रोबेलची नव्हती, पण अडचण तीच होती : साधने महाग. ज्या पद्धतीचे साहित्य पेटीतून येते, ती पद्धत पेटी परवडणाऱ्या घरापाशीच थांबते.

१६.
ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सोबत होत्या अनुताई वाघ. भोवती वारली पाडे. इथे साधने आली रानातून आणि किनाऱ्यावरून : खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, माती. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर गेली आणि ‘कुरणशाळा’ झाली. पानांचे तोरण, बियांची नक्षी, शिंपल्यांची माळ; सजावट होतीच, पण ती विकत आणलेल्या सामानाची नव्हती.

१७.
आणि तो भिजवलेला वाटाणा? तोही परतला. १९७८ मध्ये अभियंता अरविंद गुप्ता पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण प्रकल्पात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या. चौकोन डगमगतो, त्रिकोण डगमगत नाही. हे मुलाला हाताने कळते, पाठ करावे लागत नाही. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची टाकाऊतली खेळणी जगभर गेली.

१८.
या दोनशे वर्षांच्या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हस्तकला पेटीत बंद झाली की तिचा नमुना उरतो आणि शोध संपतो. मग कुणीतरी वाटाणा, शिंपला, आगकाडी उचलते आणि ती पुन्हा मोकळी होते. आज बाजारात ‘हस्तकला किट’ मिळतात : कापलेले तुकडे, क्रमांक घातलेली जागा, झाकणावर तयार वस्तूचे चित्र. किट आणण्यात गैर काही नाही. पण त्यातून होणारी वस्तू आधीच ठरलेली असते. हाताला शोधायला काही उरत नाही.

१९.
तेव्हा यंदा कुणाला भेट द्यायची असेल, तर जुन्या दिनदर्शिकेच्या पानाच्या चार लांब, अरुंद पट्ट्या कापा. रुंदी दीड सेंटिमीटर असेल तर लांबी त्याच्या तीसपट तरी घ्या. जवळ मूल असेल तर त्याला नमुना दाखवू नका. आधी पट्ट्या हातात द्या. पहिला तारा वाकडा होईल. तो उलगडून त्याच पट्ट्यांतून दुसरा घडवू द्या. एकही पट्टी टाकून देऊ नका. थुरिंगियातल्या त्या पोरक्या मुलाने मोठेपणी जगाला दिलेली खरी भेट ताऱ्यात नाही, या उलगडण्यात आहे.

(समाप्त)