उत्तर आयर्लंडची सार्वजनिक घरे : ऊब टिकवणाऱ्या भिंती

उत्तर आयर्लंडचा हिवाळा हा दमट, वाऱ्याचा आणि लांबलेला असतो. बर्फापेक्षा पाऊस आणि ओल यांचाच त्रास तेथे अधिक. अशा हवेत वर्षातील कित्येक महिने घर तापवावे लागते आणि त्यासाठी बहुतांश कुटुंबांना तेलावर विसंबावे लागते. २०१६ च्या गृहस्थिती पाहणीनुसार तेथील ६८ टक्के घरे तेलावर तापवली जात होती. हे तेल म्हणजे रॉकेलच. घराच्या मागे टाकी असते. ती टँकरने भरून घ्यावी लागते. वीज आणि नैसर्गिक वायू यांच्या दरांवर तेथे नियामकाची देखरेख असते, घरगुती तेलाच्या दरांवर मात्र नाही. ज्यांना टाकी भरण्याइतके पैसे एकरकमी उभे करता येत नाहीत, ते वीस लिटरचा डबा विकत आणतात आणि प्रत्येक लिटरमागे सधन शेजाऱ्याहून अधिक दाम मोजतात.

या परिस्थितीला 'इंधन-दारिद्र्य' असे नाव आहे. बैठकीची खोली २१ अंश आणि राहत्या अन्य खोल्या १८ अंश सेल्सियसपर्यंत उबदार ठेवण्यासह घरातील सर्व इंधनावर ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागेल, ते या व्याख्येत मोडते. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधील ४२ टक्के कुटुंबे या अवस्थेत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण २२ टक्क्यांवर आले. घरे सुधारली हे त्याचे एक कारण होते. परंतु त्या काळात तेलाचे भाव उतरले होते, हेही तितकेच खरे. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तेच भाव भडकले. भावाने दिलेला दिलासा भावच हिरावून नेतो. भिंतीने दिलेला दिलासा मात्र टिकतो. सार्वजनिक घरांच्या ऊर्जाबचतीचा विचार येथूनच करावयास हवा.

या घरांची जबाबदारी मुख्यत्वे 'हाउसिंग एक्झिक्युटिव्ह' या संस्थेकडे आहे. घरवाटपातील धार्मिक भेदभाव हे १९६८ च्या नागरी हक्क चळवळीचे एक प्रमुख गाऱ्हाणे होते. त्यातूनच, स्थानिक नगरपालिकांकडील घरे एका निःपक्ष यंत्रणेकडे सोपवण्यासाठी, १९७१ मध्ये ही संस्था स्थापन झाली. तिची एक लाखाहून अधिक घरे पुढे भाडेकरूंनीच विकत घेतली. तरीही ८० हजारांहून अधिक घरे तिच्याकडे उरली आहेत.

या घरांच्या भिंती एकसारख्या नाहीत. अनेक घरांना दुपदरी भिंत असते. दोन पदरांमधील पोकळी पावसाची ओल आत येऊ देत नाही. मात्र ऊब रोखण्यास ती अपुरी पडते. त्या पोकळीत खनिज लोकर किंवा कृत्रिम मणी भरले, की उष्णतेची गळती बरीच कमी होते. काही घरे वाळूविरहित काँक्रीटच्या सलग भिंतींची आहेत. तेथे भरावाला जागाच नाही. त्यांना बाहेरून उष्णतारोधक थर चढवून वर गिलावा करावा लागतो. हे काम महागडे असल्याने त्यासाठी युरोपीय प्रादेशिक विकास निधीचेही साहाय्य घेण्यात आले.

भिंतीच्या पोटातील काम डोळ्यांना दिसत नाही, हा यातील मोठा धोका होय. जुना भराव कालांतराने खाली बसतो. वर मोकळी जागा राहते. बांधकामाची डबर पोकळीत अडकलेली असेल, तर भरावासह तीच ओल आत वाहून आणते. हाउसिंग एक्झिक्युटिव्हच्या घरांतील असा भराव तपासला असता २०१९ च्या अहवालात त्यातील बराचसा तत्कालीन मापदंडांना उतरत नसल्याचे आढळले. तेव्हा थर बसवणे जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची तपासणीही. शिवाय फटी बुजवताना हवा खेळती राहण्याची सोय न ठेवल्यास उबदार घरात बुरशी धरते.

इंधनबदलाचा टप्पा यानंतरचा. स्कॉटलंडहून समुद्राखालून टाकलेल्या वाहिनीने १९९६ मध्ये नैसर्गिक वायू आला. त्यानंतर सार्वजनिक घरांतील कोळशाच्या शेगड्या काढून शक्य तेथे वायू आणि अन्यत्र तेल असे धोरण राहिले. आता तेही पुरेसे नाही. २०२२ च्या हवामानबदल कायद्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरवले आहे. त्यासाठी बाहेरच्या हवेतील उष्णता घरात आणणारे विजेचे उष्णता पंप सुचवले जातात. परंतु हे पंप मंद आचेवर दीर्घकाळ चालतात. गळक्या भिंतींच्या घरात ते बसवले, तर तेलाचे बिल जाऊन विजेचे बिल येईल, एवढेच.

खरा पेच खर्चाचा आहे. भिंतीचा खर्च घरमालक संस्थेला आणि इंधनाचा खर्च भाडेकरूला करावा लागतो. त्यामुळे सुधारणेचा पैसा एकाच्या खिशातून जातो आणि बचत दुसऱ्याच्या घरी होते. भाडे वाढवून हा खर्च वसूल केला, तर भाडेकरूच्या हाती काहीच उरणार नाही. संस्थेला कर्ज उभारता यावे यासाठी तिच्या पुनर्रचनेची घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. रॉकेलच्या डब्यामागे होणारी वणवण थांबवावयाची असेल, तर ऊबदार भिंत ही रस्ता आणि पाणीपुरवठा यांप्रमाणेच सार्वजनिक गुंतवणूक मानावी लागेल.