न वितळता घडलेले पोलाद

दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे ७.२ मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. गुप्तकाळातील हा स्तंभ ओतीव नव्हे. त्या काळच्या भट्टीतून वितळलेले लोखंड नव्हे, तर मळीने भरलेला सच्छिद्र गोळा निघे. असे अनेक गोळे तापवून, घणाखाली एकमेकांत सांधून हा स्तंभ घडविला गेला.

न वितळविता धातू एकजीव करण्याची हीच कल्पना पुढे युरोपात वेगळ्या वाटेने अवतरली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये विल्यम वोलॅस्टन यांनी प्लॅटिनमची भुकटी दाबून, तापवून, ठोकून तिचे भरीव पिंड केले. भुकटी दाबून द्रवणबिंदूच्या खाली तापविण्याच्या या क्रियेस आज सिंटरिंग म्हणतात.

१९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे अगंज पोलाद, म्हणजेच स्टेनलेस स्टील, तयार केले. क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याचे रक्षण करतो. पुढे या पोलादाचेही भाग भुकटीपासून होऊ लागले आणि जुना पेच नव्याने उभा राहिला. सिंटरिंगनंतर उरलेल्या छिद्रांत पाणी साचते, तेथील प्राणवायू संपतो आणि रक्षक थर पुन्हा धरत नाही.

भट्टीतील वायूची निवडही तितकीच निर्णायक असते. अमोनियाच्या विघटनातून मिळणारा वायू स्वस्त असतो. त्यातील नायट्रोजन पोलादात मुरतो व बळ वाढवितो. मात्र भाग सावकाश थंड झाल्यास क्रोमियम नायट्राइड बनते, भोवतालचे क्रोमियम घटते आणि गंजाला वाट मिळते. शुद्ध हायड्रोजन किंवा निर्वात भट्टी वापरल्यास बळ काहीसे कमी मिळते, पण गंजरोध टिकतो. केवळ ताणचाचणीत उत्तम ठरलेला भाग खाऱ्या पाण्यात म्हणूनच फसू शकतो.

लोहस्तंभाचे रहस्यही अशाच देवघेवीत आहे. कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखविले, की लोखंडात राहिलेल्या फॉस्फरसमुळे त्यावर रक्षक थर तयार झाला. फॉस्फरस पोलादाला ठिसूळ करतो, म्हणून आधुनिक कारखाने तो काढून टाकतात. स्तंभाला मात्र त्यानेच सोळाशे वर्षे तारले. बळ आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. एकीतील यश दुसरीची हमी देत नाही.