तळटीप : स्पर्शाविना वाहकता
* सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे आयन नेहमीच्या अतिनील शोधकाला थेट दिसत नाहीत. वाहकता मोजली की सापडतात. पण विद्युतदाबाने आयन वेगळे करणाऱ्या केशनलिकेचे छिद्र जेमतेम २५ ते ७५ मायक्रोमीटर आणि टोकांना हजारो व्होल्ट. आत इलेक्ट्रोड खुपसणार कुठे?

१९९८ मध्ये ऑस्ट्रियात झेमान व सहकाऱ्यांनी, तर ब्राझीलमध्ये दा सिल्वा आणि दो लागो यांनी स्वतंत्रपणे इलेक्ट्रोड बाहेरच बसवले : एकीकडे धातूच्या नळ्या, दुसरीकडे चक्क चांदीचे रोगण! केशनलिकेची भिंत धारित्रासारखी वागते. उच्च वारंवारितेचा प्रत्यावर्ती प्रवाह ती ओलांडतो आणि आयनांचा पट्टा इलेक्ट्रोडांमधून सरकताना हा प्रवाह बदलतो. मध्ये भूसंपर्कित पत्रा हवा. नाहीतर प्रवाह द्रावणाला टाळून हवेतूनच पलीकडे पोचतो.

हीच युक्ती पुढे काचेच्या व प्लॅस्टिकच्या चिपवर आली.